'बाचा' : मलय-इंडोनेशियन भाषेतले 'वाचणे', त्याचे मूळ आणि त्याची साधित रूपे (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

इंडोनेशियन किंवा मलय शिकू लागलेल्या मराठी माणसाला पहिल्या आठवड्यातच 'बाचा' हे क्रियापद भेटते. ते ओळखीचे वाटते आणि तेवढ्यावर भरवसा ठेवून पुढे गेले की उपसर्ग-प्रत्ययांच्या रानात वाट चुकते. या शब्दाविषयी पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न येथे एकत्र केले आहेत. दोन्ही भाषा आज रोमन लिपीत लिहिल्या जातात. येथे त्यांचे शब्द उच्चारानुसार देवनागरीत दिले आहेत. रोमन लेखनात जेथे अस्पष्ट 'ए' असतो तेथे आपला ऱ्हस्व 'अ' वापरला आहे, कारण तो त्या स्वराच्या सर्वांत जवळचा आहे.

१. 'बाचा' म्हणजे नेमके काय आणि त्याचा उच्चार कसा करायचा?

'बाचा' म्हणजे वाचणे. मलेशिया, इंडोनेशिया, ब्रुनेई आणि सिंगापूर येथे बोलल्या जाणाऱ्या मलय भाषेच्या सर्व प्रमाण रूपांत हा धातू याच अर्थाने चालतो. उच्चारात मराठी माणसाची एक हमखास चूक होते. आपल्याकडे 'च' दोन प्रकारचा आहे, 'चहा'तला आणि 'चाक'मधला. 'बाचा' असे देवनागरीत लिहिलेले दिसले की जीभ आपोआप 'चाक'कडे वळते. मलय 'च' नेहमी 'चहा'तलाच असतो. दोन्ही स्वर इंडोनेशियात स्वच्छ 'आ' ऐकू येतात, तर मलय द्वीपकल्पाच्या दक्षिण भागात आणि क्वालालंपूरच्या नेहमीच्या बोलण्यात शेवटचा 'आ' पडून जवळजवळ 'बाच' असा, शेवटी ऱ्हस्व 'अ' असलेला उच्चार होतो.

२. शब्दकोशात 'मंबाचा' सापडत नाही. तो कुठे शोधायचा?

तो 'ब'खाली, 'बाचा' या धातूच्या नोंदीत शोधायचा. मलय आणि इंडोनेशियन कोश धातूनुसार रचलेले असतात: 'मंबाचा', 'पंबाचा', 'तर्बाचा', 'बाचाआन' ही सगळी रूपे मुख्य नोंदीच्या पोटात येतात. १९८८ साली प्रथम प्रसिद्ध झालेला इंडोनेशियाचा 'कामुस बसार बाहासा इंडोनेशिया' आणि १९७० सालचा मलेशियाचा 'कामुस देवान' हे दोन्ही प्रमाण कोश याच पद्धतीने चालतात. म्हणून कोश वापरण्याआधी उपसर्ग सोलून धातू हाती लावण्याची सवय करावी लागते. 'बाचा'च्या बाबतीत ते सोपे आहे, कारण त्याचा पहिला वर्ण कोणत्याही रूपात गळत नाही. सगळेच धातू इतके समजूतदार नसतात (प्रश्न ६ पाहा).

३. हा शब्द संस्कृत आहे असे सांगतात. संस्कृतातला नेमका कोणता शब्द?

तो 'वच्' या धातूच्या कुळातला आहे, याबद्दल शंका नाही. 'वाच्', 'वाचा', 'वचन', 'वाचयति' ही सगळी त्याच घरातली माणसे आहेत. यांपैकी नेमके कोणते रूप उचलले गेले हे केवळ ध्वनींवरून ठरत नाही, कारण मलय भाषेने संस्कृत शब्द घेताना विभक्ती आणि क्रियापदाचे प्रत्यय बाहेरच ठेवले. अर्थाच्या बाजूने पाहिले तर 'वाचयति' सर्वांत जवळचे आहे. त्याचा मूळ अर्थ 'बोलायला लावतो' असा असून पुढे त्यातूनच 'लिहिलेले मोठ्याने म्हणतो' आणि 'वाचतो' हे अर्थ संस्कृतातच तयार झाले होते. म्हणजे 'बोलणे'पासून 'वाचणे'पर्यंतचा प्रवास समुद्र ओलांडण्यापूर्वीच पुरा झाला होता.

जावा बेटावरच्या जुन्या जावी भाषेत 'वाचा' हा वाचण्याच्या अर्थाचा धातू होता आणि त्याचे 'विनाचा', म्हणजे 'वाचले गेले', असे रूपही साहित्यात येते. त्यातला 'इन' हा शब्दाच्या मधोमध घुसणारा कर्मणी प्रत्यय पूर्णपणे तिथला, म्हणजे मलय आणि जावी ज्यात येतात त्या ऑस्ट्रोनेशियन भाषाकुळातला आहे. संस्कृत धातू पोटात घेऊन त्याला लगोलग स्थानिक व्याकरणाचे कपडे चढवणे ही या भाषांची जुनी रीत आहे. 'पूजा'पासून 'ममुजा' (पूजणे, आराधणे) आणि 'शिक्षा'पासून 'मञिक्सा' (छळणे, यातना देणे) ही क्रियापदे अशीच घडली.

४. संस्कृतातल्या 'व'चा 'ब' कसा झाला? हिंदीत 'बाँचना' होते, तसेच का?

परिणाम सारखा असला तरी हिंदीचा याच्याशी संबंध नाही. मलय भाषेने घेतलेल्या कितीतरी शब्दांत शब्दारंभीच्या 'व'च्या जागी 'ब' दिसतो: 'वंश'चा 'बांग्सा' (राष्ट्र), 'विष'चा 'बिसा', 'व्यय'चा 'बिआया' (खर्च), 'विहार'चा 'बिआरा' (मठ), 'वृत्त'चा 'बरिता' (बातमी), 'विचार'चा 'बिचारा'.

याचा सुंदर पुरावा दगडावरच कोरलेला आहे. सुमात्रातील पालेंबांगजवळ १९२० साली सापडलेला कदुकान बुकित येथील शिलालेख इ.स. ६८२-८३ च्या सुमाराचा, श्रीविजय नावाच्या राज्यातला असून मलय भाषेच्या सर्वांत जुन्या दिनांकित लेखांत त्याची गणना होते. पल्लव लिपीतील या लेखात तिथी आहे वैशाख शुद्ध एकादशी, आणि महिन्यासाठी शब्द आहे 'वुलान'. आजच्या मलय भाषेत तो 'बुलान' आहे, म्हणजे चंद्र किंवा महिना, आणि तो अस्सल देशी शब्द आहे, संस्कृत नव्हे. सैन्याला याच लेखात 'वला' म्हटले आहे, जे संस्कृत 'बल' होय. देशी 'ब' आणि संस्कृत 'ब' दोन्ही 'व'च्या अक्षराने लिहिणाऱ्या लेखनिकांच्या कानाला या दोन वर्णांत आपल्याला जाणवतो तसा भेद जाणवत नसावा, हे यावरून दिसते. अशा भाषेत 'वाच्' आला तर तो 'बाचा' म्हणून स्थिरावला यात नवल नाही.

५. मग हा शब्द मराठीतल्या 'वाचणे'वरून गेला, असे म्हणता येईल का?

म्हणता येणार नाही. मराठीचे सर्वांत जुने शिलालेख दहाव्या-अकराव्या शतकाच्या आसपासचे आहेत, आणि संस्कृत शब्दांचा मलय भाषेतला शिरकाव सातव्या शतकातच दगडावर दिसतो. 'वाचणे' आणि 'बाचा' ही एकाच आजोबांची दोन ठिकाणी वाढलेली नातवंडे आहेत. एकाने दुसऱ्याला जन्म दिलेला नाही. आपले 'वाचणे' प्राकृतातून झिजत आले, तर 'बाचा' संस्कृतातून थेट उचलला गेला.

येथे एक गंमत सांगण्यासारखी आहे. मराठीत 'वाचणे' दोन आहेत: पुस्तक वाचणे आणि संकटातून वाचणे. दुसऱ्याचे मूळ निराळे आहे. ते 'वञ्च्' या धातूकडे, म्हणजे चुकवणे, निसटणे या अर्थाकडे जाते. त्याच धातूवरून बनलेला 'वंचना' हा शब्द मलय भाषेने घेतला आणि तेथे त्याचा 'बंचाना' झाला. अर्थ फसवणुकीवरून सरकत सरकत आज 'आपत्ती' असा आहे. भूकंप, पूर, ज्वालामुखी यांच्या बातम्यांत तो रोज असतो. म्हणजे आपली दोन्ही 'वाचणी' तिकडे वेगवेगळ्या वेषांत नांदत आहेत, आणि त्यांतल्या एकीपासून मात्र लोकांना वाचावे लागते.

६. 'मंबाचा' मधला 'मं' कशासाठी? आणि काही धातूंचे पहिले अक्षर गळते, तसे येथे का होत नाही?

'मं' हे कर्तरी रूप दाखवणाऱ्या उपसर्गाचे एक रूप आहे. कर्ता कोण हे महत्त्वाचे असून वाक्य त्याच्या बाजूने सांगायचे असेल तेव्हा तो लागतो: 'साया मंबाचा बुकु', म्हणजे 'मी पुस्तक वाचतो'. काळ, पुरुष, लिंग, वचन यांपैकी कशाचीही खूण क्रियापदावर नसते. 'वाचतो, वाचते, वाचले, वाचेल' या सगळ्यांसाठी 'मंबाचा' एवढे एकच रूप आहे, आणि काळ सांगायचा झाला तर 'सुदाह' (झालेले), 'सदांग' (चालू), 'आकान' (होणार) असे स्वतंत्र शब्द आधी येतात.

उपसर्गाच्या शेवटी एक अनुनासिक असते आणि ते धातूच्या पहिल्या वर्णाप्रमाणे आपले स्थान बदलते. धातू 'ब'ने सुरू होत असेल तर ते 'म्' होते आणि 'ब' जागेवर राहतो. परंतु धातूचा पहिला वर्ण 'प', 'त', 'क' किंवा 'स' असेल तर अनुनासिक त्याला गिळून टाकते: 'पुकुल'चे 'ममुकुल' (मारणे), 'तुलिस'चे 'मनुलिस' (लिहिणे), 'किरिम'चे 'मङिरिम' (पाठवणे), 'सापु'चे 'मञापु' (झाडणे). नियम थोडक्यात असा की अघोष वर्ण गळतात आणि 'ब', 'द', 'ग' हे घोष वर्ण टिकतात. 'च' अघोष असूनही टिकतो, एवढा अपवाद लक्षात ठेवावा.

हा नियम कायम असाच होता असे नाही. प्रश्न ४ मध्ये उल्लेखलेल्या शिलालेखात 'घेऊन जाणे' या अर्थी 'ममावा' असे रूप आहे. त्याचा धातू आजचा 'बावा', आणि आजचे रूप 'मंबावा'. म्हणजे आज टिकणारा ओष्ठ्य वर्ण त्या लेखात अनुनासिकात विरघळला होता. जावी भाषेत आजही 'वाचा'चे कर्तरी रूप 'माचा' असे होते (प्रश्न १५ पाहा).

७. 'मी वाचलेले पुस्तक' म्हणताना 'बुकु यांग साया मंबाचा' म्हटले तर चूक का काढतात?

ही शिकणाऱ्यांची सर्वांत जास्त होणारी चूक आहे आणि तिचे उत्तर नीट समजले तर निम्मे व्याकरण हाती आल्यासारखे होते.

मलय-इंडोनेशियनमध्ये कर्म पुढे आले की क्रियापदाचे कर्तरी रूप चालत नाही. कर्ता प्रथम किंवा द्वितीय पुरुषी असेल तर उपसर्ग काढून नुसता धातू वापरतात आणि सर्वनाम त्याला अगदी चिकटून आधी येते: 'बुकु यांग साया बाचा', म्हणजे 'मी वाचलेले पुस्तक', 'बुकु इतु सुदाह साया बाचा', म्हणजे 'ते पुस्तक मी वाचून झाले आहे'. सर्वनाम आणि धातू यांच्यामध्ये काहीही येऊ देत नाहीत. म्हणून 'सुदाह' हा शब्द 'साया'च्या आधी आहे, नंतर नाही. जवळिकीच्या भाषेत सर्वनाम आखूड होऊन धातूला जोडले जाते: 'कुबाचा' (मी वाचले), 'काउबाचा' (तू वाचलेस).

कर्ता तृतीय पुरुषी असेल तर 'दि' हा उपसर्ग लागतो: 'बुकु इतु दिबाचा ओलेह अली', म्हणजे 'ते पुस्तक अलीने वाचले'. 'दिबाचा ओलेह साया' असे बोलण्यात ऐकू येते, पण काळजीपूर्वक लिहिणारे ते टाळतात. मराठी माणसाला हे सगळे अवघड वाटण्याचे खरे तर कारण नाही. 'मी पुस्तक वाचतो' आणि 'मी पुस्तक वाचले' यांत क्रियापद एकदा कर्त्याकडे आणि एकदा कर्माकडे झुकते, हे आपण लहानपणापासून न शिकता करत आलो आहोत. फरक इतकाच की आपल्याकडे हा झोक काळावर अवलंबून असतो आणि तिकडे तो बोलणाऱ्याचे लक्ष कशावर आहे यावर ठरतो.

८. सूचनेत 'तोलोंग दिबाचा' लिहिले होते. आज्ञेत कर्मणी रूप कसे?

सौजन्य म्हणून. 'बाचा!' किंवा 'बाचालाह!' ही सरळ आज्ञा आहे. 'तोलोंग दिबाचा' किंवा 'मोहोन दिबाचा' म्हणजे 'कृपया वाचावे'. कर्मणी रूपात समोरच्या माणसाचा उल्लेखच होत नाही, त्यामुळे हुकूम सोडल्यासारखे वाटत नाही. मराठीतही 'वाच' न म्हणता 'वाचावे' म्हटले की हेच साधते. निषेधातही तसेच: 'जांगान दिबाचा', म्हणजे 'वाचू नये'.

९. 'मंबाचा' आणि 'मंबाचाकान' यांत फरक काय?

'कान' या प्रत्ययाने दुसरा कोणीतरी प्रसंगात येतो. 'मंबाचाकान' म्हणजे वाचून दाखवणे. मराठीतला 'दाखवणे' येथे चपखल बसतो, कारण त्यातही ऐकणारा गृहीत असतो.

याचे दोन वापर आहेत. पहिल्यात मजकूर जाहीरपणे वाचला जातो. १७ ऑगस्ट १९४५ रोजी जकार्तातील पगांग्सान तिमुर रस्त्यावरील ५६ क्रमांकाच्या घरी सुकार्नो यांनी स्वातंत्र्याची घोषणा केली, त्या प्रसंगाचे वर्णन इंडोनेशियन पाठ्यपुस्तके 'मंबाचाकान तेक्स प्रोक्लामासि' अशा शब्दांत करतात. तेथे नुसते 'मंबाचा' म्हटले तर सुकार्नोंनी तो कागद स्वतःपुरता नजरेखालून घातला असाही अर्थ निघू शकेल. न्यायालयाचा निकाल, शपथ, मागण्यांचे निवेदन या सगळ्यांसाठी हेच क्रियापद आहे.

दुसऱ्या वापरात वाचन कोणासाठी तरी होते: 'इबु मंबाचाकान आनाकन्या चरिता', म्हणजे 'आई मुलाला गोष्ट वाचून दाखवते'. या वाक्यात ज्याच्यासाठी वाचायचे तो मुलगा क्रियापदाच्या लगेच नंतर आला आहे. गोष्ट आधी घ्यायची असेल तर मुलाआधी 'उंतुक' (साठी) घालावे लागते: 'मंबाचाकान चरिता उंतुक आनाकन्या'. दोन्ही बरोबर आहेत, पण त्यांची सरमिसळ करू नये.

१०. 'तर्बाचा'चे अर्थ परस्परविरोधी वाटतात. ते कसे ओळखायचे?

'तर्' या उपसर्गात हेतूचा अभाव असतो, आणि त्यातून दोन छटा निघतात.

एक छटा शक्यतेची आहे, आणि ती बहुतेक वेळा नकारासह येते. 'तुलिसान दोक्तर तिदाक तर्बाचा' म्हणजे डॉक्टरांचे अक्षर लागत नाही. हीच रचना यंत्रांनाही लागू पडली आहे. फोनमधले सिम किंवा संगणकाला जोडलेला पेनड्राइव्ह ओळखला जात नसेल तर दुकानदाराला इंडोनेशियात 'तिदाक तर्बाचा' एवढेच सांगावे, तो पुढचे समजतो.

दुसरी छटा नकळत घडण्याची आहे. 'सुरात इतु तर्बाचा ओलेह इबु' म्हणजे 'ते पत्र आईच्या वाचनात आले', मुद्दाम दाखवलेले नसताना. 'दिबाचा' म्हटले असते तर आईने ते ठरवून वाचले असते, आणि घरातल्या वादात हा फरक महत्त्वाचा ठरू शकतो. कोणती छटा अभिप्रेत आहे हे नकार आहे का आणि 'ओलेह'नंतर माणूस आहे का, यावरून सहसा कळते.

'तर्बाचा'वर आणखी 'क' आणि 'आन' चढवून 'कतर्बाचाआन' हे नाम बनते. त्याचा अर्थ वाचनीयता, सुवाच्यता. पाठ्यपुस्तकाची भाषा मुलांच्या वयाला झेपते का, हे तपासणाऱ्यांचा तो पारिभाषिक शब्द आहे. धातूवर एकामागून एक थर चढलेले पाहायचे असतील तर हा एक शब्द पुरेसा आहे.

११. 'बाचाआन', 'पंबाचाआन' आणि 'पंबाचा' यांत गोंधळ होतो.

'पंबाचा' म्हणजे वाचणारा, वाचक. बातम्या देणारा निवेदक 'पंबाचा बरिता', विजेचे मीटर पाहायला येणारा 'पंबाचा मेतर', अंधांना पडद्यावरचा मजकूर ऐकवणारी संगणक-प्रणाली 'पंबाचा लायार'. जुन्या धाटणीच्या संपादकीयात वाचकांना 'पंबाचा यांग बुदिमान' असे संबोधतात. 'बुदिमान' म्हणजे आपला 'बुद्धिमान'. सुज्ञ वाचकहो, म्हणजे हेच.

'पंबाचाआन' म्हणजे वाचण्याची क्रिया, विशेषतः विधिवत. १७ ऑगस्टच्या समारंभातील घोषणेचे वाचन, शाळेतील सोमवारच्या ध्वजवंदनात होणारे राज्यघटनेच्या प्रास्ताविकेचे वाचन, ही 'पंबाचाआन' होत.

'बाचाआन' म्हणजे जे वाचायचे ते, वाचनाचे साहित्य. या शब्दाला इतिहास आहे. डच वसाहत सरकारने १९०८ साली स्थानिक लोकांसाठी वाचनसाहित्य पुरवणारी एक समिती नेमली आणि तिच्यातून १९१७ साली 'बालाइ पुस्ताका' ही प्रकाशनसंस्था उभी राहिली. इंडोनेशियन साहित्याच्या इतिहासात त्या समितीचे काम 'बाचाआन राक्यात', म्हणजे जनतेचे वाचन, या नावाने ओळखले जाते. त्याच काळात सरकारच्या छत्राबाहेर, राष्ट्रीय आणि डाव्या चळवळींतून छापल्या जाणाऱ्या पुस्तिका-कादंबऱ्यांना 'बाचाआन लिआर' हे नाव पडले. 'लिआर' म्हणजे रानटी, बेलगाम. आपल्या वाचनातले रानटी कोणते आणि माणसाळलेले कोणते हे सत्ताधाऱ्यांनी ठरवावे, ही कल्पना आपल्यालाही अपरिचित नाही.

'बाचाआन'चा आणखी एक अर्थ यंत्रावर दिसणारा आकडा असा आहे, आणि तो मलेशियात विशेष चालतो: रक्तदाबाचा 'बाचाआन', मीटरचा 'बाचाआन'. आपण त्याला 'रीडिंग' म्हणतो.

१२. कुराणाच्या संदर्भात हाच शब्द वापरतात का?

वापरतात, आणि तेथे तो अगदी अग्रभागी आहे. कुराणाच्या शहाण्णवाव्या सूरेची सुरुवात ज्या आज्ञार्थक शब्दाने होते, आणि जो परंपरेनुसार पहिल्या साक्षात्काराचा पहिला शब्द मानला जातो, त्याचे इंडोनेशियन भाषांतर 'बाचालाह' असे केले जाते. संस्कृत 'वच्' धातूचा शब्द या जागी विराजमान आहे याचे तेथे कोणाला वावगे वाटत नाही. तो केव्हाच मलय झाला आहे.

मात्र मुलांनी कुराणपठण शिकण्याला 'मङाजी' हे वेगळे क्रियापद आहे. नमाजात म्हणायच्या पाठाला 'बाचाआन' म्हणतात, तो तोंडपाठ असला आणि समोर कागद नसला तरीही. मंत्र म्हणण्यासाठी, प्रार्थना म्हणण्यासाठीही 'मंबाचा' चालते: 'मंबाचा दोआ', 'मंबाचा मंत्रा'. प्रश्न ३ मध्ये सांगितलेला 'मोठ्याने म्हणणे' हा जुना अर्थ येथे शिल्लक राहिलेला दिसतो. उलट मनातल्या मनात वाचायचे असेल तर 'मंबाचा दालाम हाति', म्हणजे शब्दशः 'हृदयात वाचणे', असे मुद्दाम सांगावे लागते.

१३. 'बिचारा' (बोलणे) आणि 'वाचाना' हे शब्द 'बाचा'चेच भाऊ आहेत का?

'वाचाना' आहे, 'बिचारा' नाही. 'वाचाना' हा संस्कृत 'वचन' असून आधुनिक इंडोनेशियनमध्ये तो 'विमर्श', 'सार्वजनिक चर्चेत असलेली कल्पना' या अर्थाने येतो. सरकारने एखादी योजना बोलून दाखवली आणि पुढे काही झाले नाही की लोक 'हान्या वाचाना' (नुसत्या गप्पा) म्हणतात. एकाच कुळातल्या दोन शब्दांपैकी रोजच्या वापरातल्याने 'ब' स्वीकारला आणि ग्रांथिक शब्दाने 'व' राखला, असे येथे दिसते.

'बिचारा' मात्र 'विचार' आहे, 'वि' आणि 'चर्' यांपासून. त्याचा जुना अर्थ सल्लामसलत, खटल्याचा विचार असा होता, आणि त्यावरून दोन देशांत मजेशीर फारकत झाली. इंडोनेशियात 'पंबिचाराआन' म्हणजे बोलणी, चर्चा. मलेशियात 'पर्बिचाराआन' म्हणजे न्यायालयातला खटला. संसदेत हे दोन धातू एकमेकांच्या शेजारी उभे राहतात. विधेयकाच्या पहिल्या, दुसऱ्या, तिसऱ्या वाचनाला मलेशियात 'बाचाआन' म्हणतात, तर इंडोनेशियाच्या संसदेत त्या टप्प्यांना 'पंबिचाराआन' असे नाव आहे.

१४. जकार्तात राहणारे लोक 'ङबाचा', 'बाचाइन', 'कबाचा' म्हणतात. ही रूपे कोशात का नाहीत?

ती बोलीतली रूपे आहेत आणि प्रमाण रूपांना एकास एक जुळतात: 'मंबाचा'ऐवजी 'ङबाचा' किंवा नुसते 'बाचा', 'मंबाचाकान'ऐवजी 'बाचाइन', 'तर्बाचा'ऐवजी 'कबाचा'. 'बाचाइन दोंग' म्हणजे 'वाचून दाखव ना'. मित्रांत ती बिनदिक्कत वापरावीत. अर्जात किंवा परीक्षेत वापरू नयेत. संदेश पाहूनही उत्तर दिले नाही तर तरुण मंडळी 'दिबाचा' न म्हणता इंग्रजी क्रियापदालाच 'दि' जोडून 'दि-रीड' म्हणतात. शब्द बदलला, उपसर्ग मात्र हटला नाही, हे लक्षात घेण्यासारखे आहे.

१५. शेजारच्या भाषांत हा शब्द आहे का?

आहे. जावी भाषेत साध्या बोलीत 'माचा' आणि आदरार्थी बोलीत 'माओस'. जावी पद्यप्रकार 'माचापात' याचे नाव 'चार-चार करून वाचणे' यावरून पडले, असे लोक सांगतात. ही लोकव्युत्पत्ती म्हणूनच घ्यावी. फिलिपिन्समधील टागालोग भाषेत तो मलय भाषेमार्फत पोहोचला आणि तेथे 'च'चा 'स' होऊन 'बासा' झाला. टागालोगमध्ये याच अक्षरांचा, वेगळ्या आघाताचा, 'ओला' या अर्थाचा देशी शब्द आहे, त्याच्याशी याचा संबंध नाही. तसेच इंडोनेशियन 'बाचोक' (कोयत्याने वार करणे) हाही पूर्णपणे निराळा धातू आहे. 'पंबाचा' आणि 'पंबाचोक' यांत केवळ शेवटाचा फरक असला तरी दुसऱ्याला वाचकहो म्हणून हाक मारू नये.

१६. जुन्या पुस्तकांत हा शब्द वेगळ्या रोमन अक्षरांत दिसतो. तो दुसरा शब्द आहे का?

शब्द तोच आहे, लेखन बदलले. १९०१ साली डच वसाहतीत ठरलेल्या लेखनपद्धतीत 'च' हा वर्ण 'टी' आणि 'जे' ही दोन रोमन अक्षरे जोडून लिहीत, तर ब्रिटिश अंमलाखालील मलायात इंग्रजी वळणाने 'सी' आणि 'एच' लिहीत. १९७२ साली इंडोनेशिया आणि मलेशिया यांनी लेखन एकसारखे केले आणि दोन्हीकडे एकटा 'सी' आला. मलय भाषा पूर्वापार ज्या अरबी वळणाच्या लिपीत लिहिली जाई तिलाही 'जावी'च म्हणतात (जावी भाषेशी गल्लत करू नये); त्या लिपीत 'च'साठी तीन नुक्त्यांचे स्वतंत्र अक्षर आधीपासून होते, त्यामुळे तिला हा प्रश्न कधी पडला नाही.

१७. लिहिणे, पुस्तक, कागद यांचे शब्दही संस्कृतच आहेत का?

नाहीत, आणि शिकणाऱ्याने तशी अपेक्षा धरू नये. 'तुलिस' (लिहिणे) देशी आहे. हाताने मेण रेखून केलेल्या बाटिकला आजही 'बाटिक तुलिस' म्हणतात, कारण रेघ ओढणे हा त्याचा जुना अर्थ. 'कर्तास' (कागद) अरबी, 'पेना' (लेखणी) आणि 'तिंता' (शाई) पोर्तुगीज, 'बुकु' (पुस्तक) डच. 'पुस्ताका' आहे, पण तो 'पर्पुस्ताकाआन' (ग्रंथालय) यासारख्या शब्दांत आणि भारदस्त लेखनात राहतो. 'आक्सारा' (अक्षर, लिपी) आणि 'चरिता' (गोष्ट) ही संस्कृत मंडळी मात्र रोजच्या वापरात आहेत.

१८. 'तांदा बाचा', 'चालिस्तुंग' असे शब्द कोणत्या नियमाने बनतात?

येथे धातू कोणताही उपसर्ग न घेता दुसऱ्या शब्दाला विशेषणासारखा जोडला जातो. 'तांदा बाचा' म्हणजे विरामचिन्ह, 'मिनात बाचा' म्हणजे वाचनाची आवड, 'सालाह बाचा' म्हणजे चुकीचे वाचणे. द्विरुक्तीने 'बाचा-बाचा' केले की सहज, वेळ घालवण्यासाठी चाळणे असा अर्थ होतो. 'चालिस्तुंग' हा 'बाचा', 'तुलिस' आणि 'हितुंग' (मोजणे) यांची शेवटची अक्षरे जोडून केलेला शब्द आहे. पहिलीत प्रवेश देताना मुलांची 'चालिस्तुंग' परीक्षा घेऊ नये, यावर इंडोनेशियातील पालक आणि शाळा यांची जुंपलेली असते. मलेशियात याच तीन कौशल्यांना 'तीन एम' म्हणतात, कारण तेथे धातू न घेता 'मंबाचा', 'मनुलिस', 'मङिरा' ही उपसर्गयुक्त रूपे घेतली, आणि तिन्ही अर्थातच त्याच अक्षराने सुरू होतात.